अपुरें राहिलेलें विणकाम

जुनी ट्रंक उघडणें आणि जुना कालखंड उघडणें यांत फारसें अंतर नाहीं. दोहोंतहि धूळ उडते, दोहोंतहि जिच्यासाठीं हात घालावा ती वस्तु सोडून भलतीच हातीं लागते, आणि त्या भलत्या वस्तूपाशींच सारा दिवस जातो. गेल्या दिवाळीपूर्वीं घरांत आवराआवर चालली असतां आम्हांस ह्याचा प्रत्यय आला. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खालीं काढिली, ती पितळेच्या समया शोधण्याकरितां. समया सांपडल्या नाहींत. पण तळाशीं, डांबराच्या गोळ्यांच्या उग्र वासांत, धुवट धोतराच्या एका फडक्यांत गुंडाळून ठेविलेलें राखी लोकरीचें विणकाम मात्र निघालें. स्वेटरची पाठ पुरी झालेली होती. पुढची बाजू काखेपर्यंत येऊन थांबली होती. आणि शेवटची ओळ जिच्यावर होती ती सुई, विणणारें माणूस दार उघडावयास क्षणभर उठून गेलें असावें तशी, टाक्यांत अडकलेली होती.

हें विणकाम आमच्या सौभाग्यवतींचें. बारा वर्षांपूर्वीं त्यांनीं तें आपल्या वडिलांकरितां, म्हणजे अण्णांकरितां, आरंभिलें होतें. नाशिकची थंडी अण्णांस उतारवयांत सोसवेनाशी झाली होती, म्हणून मार्गशीर्षापूर्वीं स्वेटर पुरा व्हावयाचा होता. कार्तिकांतच अण्णा गेले. तें विणकाम केव्हां गुंडाळून ठेविलें गेलें हें आम्हांस कळलें नाहीं, आणि आम्हींहि विचारिलें नाहीं. ह्या बारा वर्षांत सौभाग्यवतींनीं भाचरांसाठीं कानटोप्या विणल्या, शेजारपाजारच्या बाळंतिणींस इवले इवले मोजे विणून दिले. त्या एका फडक्यास मात्र त्यांचा हात लागला नाहीं.

त्या दिवशीं तें मांडीवर घेऊन त्या बराच वेळ बसल्या. मग आमच्याकडे न पाहतांच म्हणाल्या, "तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक ना? मग हें विणणें पहिल्यानें कोणीं काढलें तें सांगा पाहूं."

सालबाईच्या तहाचीं कलमें आणि व्हिएन्नाच्या परिषदेंतील वांटण्या आम्ही आज तीस वर्षें शिकवीत आहों. पण ज्या मोज्यांत रोज सकाळीं पाय घालून आम्ही कॉलेजास जातों, तो कोठून आला ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. प्रश्न खरोखर इतिहासाचा नव्हता, हेंहि आम्हांस कळत होतें. परंतु देण्यासारखें आमच्यापाशीं इतिहासावांचून दुसरें काय होतें? म्हणून पुढील पंधरा दिवस आम्ही ह्याच विषयाचें वाचन केलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची स्वच्छ प्रत होय.

प्रथम शब्दाचा घोळ काढून टाकणें अवश्य आहे. मराठींत साळी मागावर लुगडें विणतो, कोळी जाळें विणतो, खाट विणतात, चटई विणतात आणि लोकरीचा मोजाहि विणतात. एका क्रियापदानें आपण पांच कलांचा संसार चालविला आहे. पण मागावरचें वस्त्र आणि सुईवरचें विणकाम यांची जातच निराळी. मागावर उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच लागतात. ताणा आणि बाणा एकमेकांस आडवे जातात आणि एकमेकांस धरून ठेवितात. सुईवरच्या विणकामांत धागा एकच. त्याचा एक फांस करावयाचा, त्या फांसांतून दुसरा ओढावयाचा, दुसऱ्यांतून तिसरा. प्रत्येक फांस खालच्याच्या आधारावर उभा असतो आणि वरच्यामुळें टिकतो. म्हणूनच हें वस्त्र ताणलें असतां ताणतें, सोडलें असतां पूर्ववत् होतें, पायाच्या घोट्याला आणि माणसाच्या अंगाला बिलगून बसतें. आणि म्हणूनच त्याचें एक टोक धरून ओढलें, तर सारेंच्या सारें पुन्हा धाग्याच्या रूपांत परत येतें. मागावरचें वस्त्र फाटतें, हें उसवतें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व कथेची किल्ली त्यांतच आहे.

ह्या कलेचा शोधक कोण, ह्यास उत्तर नाहीं. परंतु तिचें वय साधारणपणें सांगतां येतें. ईजिप्तच्या कोरड्या वाळूनें पुष्कळ जुनीं वस्त्रें जतन करून ठेविलीं आहेत. ऑक्सिरिंकस येथें सांपडलेले लाल लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. ते तिसऱ्या ते पांचव्या शतकांच्या दरम्यानचे असून, वहाणेचा पट्टा बसावा म्हणून त्यांत अंगठ्याचें घर वेगळें केलेलें आहे. असल्या मोज्यांस पाहून पूर्वींच्या विद्वानांनीं विणकामाचें वय फार मागें नेलें होतें. पुढें बारकाईनें तपासतां असें आढळलें कीं, हे मोजे एकाच नेढ्याच्या सुईनें केलेले आहेत; त्यांत धाग्याचें सबंध शेंपूट दर वेळीं फांसांतून ओढून घेतलेलें असतें, आणि म्हणून टोक धरून ओढल्यानें तें काम उसवत नाहीं. दिसावयास भाऊ, पण कुळ निराळें! जें उसवत नाहीं तें आपलें विणकाम नव्हे, असा हा विलक्षण न्याय आहे. दोन सुयांच्या खऱ्या विणकामाचे जुन्यांत जुने तुकडे ईजिप्तमधलेच, पण मुसलमानी अमलांतील, अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे आहेत. आणि त्यांतले पुष्कळ लोकरीचे नसून निळ्या व पांढऱ्या सुताचे आहेत. तेथून कला स्पेनमध्यें आली. बुर्गोस शहराजवळील लास उएल्गासच्या मठांत १२७५ सालीं वारलेल्या फेर्नांदो दे ला सेर्दा नांवाच्या राजपुत्राची कबर आहे. तींत त्याच्या उशाशीं ठेविलेली रेशमी विणीची उशी इतकी बारीक आहे कीं, आजच्या चांगल्या हातानेंहि तिच्यापुढें संकोच करावा.

ह्यानंतरचा एक पुरावा वस्त्राचा नसून चित्राचा आहे, आणि तो आमच्या मनांतून अद्यापि गेलेला नाहीं. १४०० च्या सुमारास बेर्ट्राम नांवाच्या जर्मन चित्रकारानें बुक्स्टेहूड येथील मठाच्या वेदीकरितां कांहीं फळ्या रंगविल्या. त्या आतां हँबुर्गच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतील एका फळीवर मेरी चार सुया घेऊन आपल्या मुलाकरितां अंगरखा विणीत बसली आहे. अंगरखा जवळ जवळ पुरा झाला आहे. ती गळ्याशीं पोंचली आहे. मूल पुस्तक पुढें टाकून गवतावर पडलें आहे, आणि त्याच्या मागून दोन देवदूत क्रूस आणि खिळे घेऊन येत आहेत. विणकामाच्या इतिहासकारांस ह्या चित्रांत चार सुयांचा पुरावा मिळतो, आणि तो मोलाचा आहे. आम्हांस मात्र चित्रांतील सुयांपेक्षां ती वेळ अधिक जाणवली. ज्याच्या अंगासाठीं आपण विणतों त्याच्याकडे मागून कोण चालत येत आहे, हें विणणाराला दिसत नाहीं.

आणखी एक लहानशी गोष्ट सांगून आम्ही मुख्य कथेकडे वळूं. विणणाऱ्या प्रत्येक मुलीला आज पहिल्या आठवड्यांत सुलट आणि उलट असे दोन टाके शिकवितात. पण उलट्या टाक्याचा निश्चित जुना पुरावा १५६२ सालच्या, फ्लॉरेन्सच्या एलेओनोरा दि तोलेदोच्या कबरींत सांपडलेल्या मोज्यांत मिळतो. म्हणजे सरळ चालावयास शिकल्यानंतर उलटें वळून पाहावयास शिकण्यास ह्या कलेला कित्येक शतकें लागलीं असावींत.

सोळाव्या शतकांत इंग्लंडांत विणकाम हा गोरगरिबांचा मोठा आधार होऊन बसला होता. तो इतका कीं, १५७१ सालीं पार्लमेंटनें कायदाच केला: सहा वर्षांवरील प्रत्येकानें, सरदार-दरकदार वगैरे वगळून, रविवारीं व सणावारीं इंग्लंडांत केलेली लोकरीची टोपी घालावी, नाहीं तर दंड द्यावा. फॅशन कायद्याला जुमानीत नाहीं, म्हणून १५९७ सालीं तो रद्द करावा लागला. पण टोपीच्या विणीवर किती चुली पेटत होत्या हें त्यावरून कळून येतें.

ह्या चुलींच्या मध्यें १५८९ सालीं नॉटिंगहॅमशायरमधील कॅल्व्हर्टन गांवच्या विल्यम ली नांवाच्या पाद्र्यानें मोजे विणण्याचें यंत्र उभें केलें. त्याची प्रेयसी भेटीच्या वेळींहि विणकामांतून डोकें वर काढीना, म्हणून त्यानें रागानें हें यंत्र काढलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेवर इतिहासकारानें विश्वास ठेवूं नये. पण ती रचणाऱ्यास विणणाऱ्या बायकांचा अनुभव होता, एवढें मानावयास हरकत नाहीं. यंत्राचें मर्म असें. हातानें विणतांना सर्व टाके एका सुईवर असतात आणि एका वेळीं एकच टाका निघतो. ली यानें प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आंकडा दिला, आणि त्या आंकड्याचें लवचिक टोक योग्य क्षणीं दाबून बंद केलें, म्हणजे जुना फांस त्यावरून घसरून नवा आंत राहावा, अशी योजना केली. म्हणजे एका दाबासरशीं सबंध ओळच्या ओळ तयार! पहिल्या यंत्रांत इंचाला आठ आंकडे होते, म्हणून वीण जाड येई. तें एलिझाबेथ राणीस दाखविण्यांत आलें. हातानें विणून पोट भरणारे आपले प्रजाजन ह्यामुळें भिकेस लागतील, असें सांगून तिनें सनद नाकारिली, असें परंपरा सांगते. ली परत फिरला आणि त्यानें इंचाला वीस आंकडे बसवून रेशमी मोजे विणणारें यंत्र सिद्ध केलें. सनद तरीहि मिळाली नाहीं. एलिझाबेथनंतर आलेल्या जेम्स राजानेंहि ती दिली नाहीं.

शेवटीं फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाच्या आश्रयाच्या आशेनें ली आपला भाऊ जेम्स, कांहीं कारागीर आणि यंत्रें घेऊन रुआँ शहरीं गेला. तेथें काम सुरू होतें न होतें तोंच १६१० सालीं हेन्रीचा खून झाला. आश्रय गेला, आणि १६१४ च्या सुमारास ली पॅरिसमध्यें निराशेंत मरण पावला. पंचवीस वर्षांचा खटाटोप सुईवर तसाच राहिला.

येथें ही कथा संपली असती तर विल्यम ली हें नांव आज कोणास ठाऊकहि नसतें. परंतु जेम्स ली बहुतेक यंत्रें व माणसें घेऊन इंग्लंडास परतला; आणि ॲस्टन नांवाचा एक गिरणीवाला, जो पूर्वीं लीच्या हाताखालीं शिकला होता, त्याच्याशीं मिळून त्यानें नॉटिंगहॅमशायरांत तें काम जेथें थांबलें होतें तेथून पुढें चालविलें. आपल्याकडे बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या मृत्यूमुळें अपुरी राहिली आणि ती त्याच्या पुत्रानें पुरी केली, हें सुशिक्षित वाचकांस ठाऊकच आहे. उत्तरार्ध पूर्वार्धाच्या तोलाचा नाहीं, असें रसिक म्हणतात; परंतु तो नसता तर आपण आज अर्ध्या वाक्याशीं उभे असतों. जेम्सची योग्यता आम्हांस तशीच वाटते. शोधकाचें यश इतिहास लिहितो; उचलून पुढें नेणाऱ्याचें यश बहुधा तळटीपेंत जातें. १६५७ सालीं क्रॉम्वेलच्या कारकीर्दींत लंडनच्या यंत्र-विणकरांस संघाची सनद मिळाली. जी विल्यमला दोन राजांनीं नाकारली, ती त्याच्या यंत्रावर काम करणाऱ्यांस मिळाली. तोपर्यंत त्यास जाऊन चाळीसांहून अधिक वर्षें झालीं होतीं.

एलिझाबेथची भीति खरी ठरली काय? ह्याचें उत्तर इतिहासानें फार वांकड्या रीतीनें दिलें आहे. यंत्रानें हजारों कुटुंबें पोसलीं. तीं घरांत खिडकीशीं यंत्र मांडून काम करीत. पण यंत्र बहुधा त्यांच्या मालकीचें नसे. त्याचें भाडें दर आठवड्यास द्यावें लागे, आणि काम नसलेल्या आठवड्यासहि तें चुकत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युद्धामुळें व्यापार बसला, धान्य महागलें. त्यांत कांहीं मालकांनीं रुंद यंत्रांवर सरसकट तुकडे विणून ते कापून-शिवून स्वस्त मोजे बाजारांत आणिले. कापलेला मोजा म्हणजे काय हें वरील विवेचनावरून वाचकांच्या लक्षांत येईलच. ज्याचा गुणच उसवणें हा आहे, त्यास कात्री लाविली तर तो किती दिवस टिकणार? १८११ च्या मार्च महिन्यांत, लीच्या कॅल्व्हर्टनपासून कांहीं मैलांवरच असलेल्या आर्नल्ड गांवीं लोकांनीं यंत्रें फोडलीं. हेच ते लडाइट. त्यांचें नांव पुढें प्रगतीच्या शत्रूंस मिळालें, पण हा त्यांच्यावर अन्याय आहे. नॉटिंगहॅमचे लडाइट यंत्राचे शत्रु नव्हते. यंत्र चालविण्यांतच त्यांचा जन्म गेला होता. त्यांचें भांडण भाड्याशीं, कमी मजुरीशीं आणि निकृष्ट मालाशीं होतें. ज्या यंत्रानें हातविणकरांचें पोट जाईल म्हणून राणी भ्याली, त्याच यंत्राचे विणकर सव्वादोनशें वर्षांनीं पोटासाठीं तें फोडीत होते! यंत्र फोडणारास देहान्ताची शिक्षा ठरविणारें बिल १८१२ सालीं आलें, तेव्हां त्याच परगण्यांत ज्याचा वाडा होता त्या तरुण कवि बायरननें २७ फेब्रुवारीस उमरावांच्या सभेंत आपलें पहिलें भाषण ह्या विणकरांच्या बाजूनें केलें. बिल अर्थातच पास झालें. यंत्रभाडें मात्र १८७४ सालच्या कायद्यानें बंद झालें. तेंहि काम बराच काळ अर्धवट पडून होतें म्हणावयाचें!

ह्या सर्वांशीं महाराष्ट्राचा संबंध काय, असें कोणी विचारील. 'मोजा' हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. सुयांची विणकला युरोपीय लोकांबरोबर, विशेषतः मिशनच्या शाळांतून पसरली. परंतु सर्वांत गमतीचा पुरावा आपल्या अंगावरच आहे. इंग्लिश खाडींतील गर्न्सी बेटावरचे लोक पूर्वींपासून विणकामाकरितां प्रसिद्ध. खलाशांच्या अंगांतला त्यांचा विणलेला सदरा, गर्न्सी फ्रॉक, जहाजांबरोबर मुंबईस उतरला आणि आमच्या वाडवडिलांच्या तोंडीं त्याचा 'गंजीफ्राक' झाला. शेजारच्या जर्सी बेटाचें नांव खेळाडूंच्या अंगावर चढलें आहे तें निराळेंच. आज तमिळनाडूंतील तिरुप्पूरला विणला जाणारा बनियन आणि लुधियान्याचा स्वेटर हे दोन्ही कॅल्व्हर्टनच्या त्या पाद्र्याच्या यंत्राचे वंशज होत. पुण्याच्या एखाद्या वाड्यांत दोरीवर वाळणारा गंजीफ्राक हा इतिहासाचा किती लांबचा प्रवासी आहे, हें पाहून आम्हांस आमच्याच अज्ञानाचें हंसूं आलें.

इतकें सर्व आम्हीं सौभाग्यवतींस रोज संध्याकाळीं थोडथोडें सांगितलें. त्या ऐकत, मधून मधून "हूं" म्हणत. विणकाम आतां ट्रंकेंत परत गेलें नव्हतें, पण हातांतहि आलें नव्हतें. तें कोनाड्यांत होतें. एके दिवशीं आम्हीं त्यांस सिंग ह्या आयरिश नाटककाराच्या, १९०४ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'रायडर्स टु द सी' ह्या नाटकाची गोष्ट सांगितली. समुद्रांत बुडालेल्या एका परक्याच्या अंगावरचा मोजा घरीं येतो, आणि तो आपल्याच भावाचा होता हें बहिणीस ओळखूं येतें. तें नक्षीवरून नव्हे, तर आपल्याच हातून विणतांना सुटलेल्या टाक्यांच्या हिशेबावरून. पुढें लोकांनीं ह्यावर कळस चढविला. अॅरन बेटांवरच्या प्रत्येक घराण्याची स्वेटरची वीण ठरलेली असते आणि तिच्यावरून बुडालेल्याचें प्रेत ओळखतात, अशी कथा रूढ झाली. ती खरी नाहीं. पण नाटकांतली गोष्ट खोटी आहे असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

सौभाग्यवती ह्या वेळीं "हूं" म्हणाल्या नाहींत. त्यांनीं कोनाड्यांतलें विणकाम घेतलें आणि खिडकीशीं नेऊन पाहिलें. बारा वर्षें सुईवर राहिल्यामुळें शेवटच्या ओळीचे टाके ताणून मोठे झाले होते आणि सुईच्या गंजाचा पिवळसर डाग त्यांवर पडला होता. "येथूनच पुढें विणायचें म्हटलें तर ही रेघ कायमची दिसेल," त्या म्हणाल्या. "नुसतें पुढें जाऊन भागत नाहीं. आधीं थोडें उसवावें लागतें."

आणि त्यांनीं सुई काढली. आम्ही श्वास रोखून पाहत होतों. एक, दोन, तीन, अशा सहा ओळी त्यांनीं उसवल्या. अण्णा असतांना, त्यांच्याशीं बोलतां बोलतां विणलेल्या त्या सहा ओळी होत्या, हें आम्हांस ठाऊक होतें. सुटलेला धागा नागमोडी निघाला. जेथें जेथें टाका होता तेथें तेथें त्याला बांक पडला होता. त्यांनीं तो धुतला, वजन बांधून दोरीवर वाळत घातला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो बहुतेक सरळ झाला होता.

आमच्याहि कपाटांत एका ग्रंथाचीं सात प्रकरणें पडून आहेत, हें ह्या निमित्तानें कबूल करणें प्राप्त आहे. आठ वर्षें आम्ही तीं अधूनमधून बाहेर काढतों, आठवें प्रकरण लिहावयास बसतों, आणि पुन्हा बांधून ठेवितों. सातवें प्रकरण लिहिणारा आणि आठवें लिहूं पाहणारा हे दोघे आतां एकाच विचाराचे राहिले नाहींत, आणि त्या दोघांचा सांधा जुळत नाहीं, ह्याचें कारण आम्हांस आजवर उमगलें नव्हतें. सहा ओळी उसवलेल्या पाहिल्यावर आम्हीं त्याच रात्रीं सातव्या प्रकरणाचा उत्तरार्ध काढून ठेविला. तो वाईट होता म्हणून नव्हे. फार दिवस सुईवर राहिला होता म्हणून.

हा लेख लिहीत आहों तेव्हां पौष चालू आहे. स्वेटरची पुढची बाजू पुरी झाली. आतां दुसरी बाही चालली आहे. तीच राखी लोकर बाजारांत मिळाली नाहीं. जवळची मिळाली, ती किंचित् निळसर आहे. बारा वर्षांत सौभाग्यवतींचा हातहि थोडा घट्ट झाला आहे, म्हणून नवी वीण जुनीपेक्षां दाट येते. दिव्याच्या उजेडांत हें कळत नाहीं, पण दिवसा छातीवर एक आडवी रेघ स्पष्ट दिसते. तिच्याखालीं अण्णा होते, तिच्यावर नाहींत. ती लपविण्याची कांहीं युक्ति आहे काय, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "आहे. पण कशाला?"

स्वेटर अण्णांच्या मापाचा आहे. अण्णा किरकोळ अंगाचे होते, आणि आम्ही तसे नाहीं. "तुम्हांला छातीशीं तंग होईल," असें त्यांनीं परवां माप धरून सांगितलें. आम्हीं उत्तर दिलें, "होऊं दे."